पुसट शिक्क्यामागचं गाव: जुन्या तिकिटांवरचे टपाल शिक्के कसे वाचायचे

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी पथारीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला. आत मूठभर सुटी तिकिटं होती, बहुतेक फाटकी, काही एकमेकांना चिकटलेली. त्यात पंचम जॉर्जचं लाल रंगाचं एक आण्याचं तिकीट निघालं. वरच्या बाजूला शिक्क्याची कमान आणि त्या कमानीत तीन रोमन अक्षरं: एन, ए, जी. त्यांच्या आगेमागे नुसत्या काळ्या खुणा. घरी येऊन मी ते काठियावाडच्या पानावर लावलं आणि खाली पेन्सिलीने लिहिलं, 'जामनगर'. दोन वर्षं ते तिथेच राहिलं. माझा अंदाज चुकीचा होता. तो कसा चुकला आणि कसा दुरुस्त झाला, हे ओघात येईलच, कारण शिक्का वाचण्याची जवळजवळ सगळी कसब त्या एका तिकिटात आहे.

आधी तिकीट वाचा, मग शिक्का

नवशिके भिंग घेऊन थेट शिक्क्यावर तुटून पडतात. त्याआधी दोन मिनिटं तिकिटाकडे बघा. शिक्का तिकिटाच्या जन्माआधीचा असू शकत नाही, एवढं साधं सत्यही निम्मं काम करून देतं.

ब्रिटिश हिंदुस्थानची सर्वत्र चालणारी तिकिटं १ ऑक्टोबर १८५४ पासून सुरू झाली. त्याआधी, १८५२ मध्ये, सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी 'सिंध डाक' नावाची तिकिटं काढली होती, पण ती डब्यात सापडण्याची आशा सोडा. राणी व्हिक्टोरियाच्या तिकिटावर 'ईस्ट इंडिया पोस्टेज' असेल तर ते १८८२ पूर्वीच्या छपाईचं, आणि नुसतं 'इंडिया पोस्टेज' असेल तर त्यानंतरचं. सातवा एडवर्ड १९०२ पासून, पंचम जॉर्ज १९११ च्या अखेरीपासून, सहावा जॉर्ज १९३७ पासून. रंगही बोलतात. पंचम जॉर्जचं एक आणा आधी लाल होतं, १९२२ पासून ते चॉकलेटी झालं. म्हणजे माझं लाल तिकीट साधारण १९११ ते १९२२ या पट्ट्यातलं. शिक्क्यात वर्षाचा पहिला आकडा '१' दिसतोय की '४', असा प्रश्न पडला असता, तर तो इथेच मिटला असता.

स्वातंत्र्यानंतरच्या तिकिटांसाठी दोन तारखा पाठ असू द्या. १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नये पैसे आले, आणि १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. शिक्क्याच्या खालच्या कडेला सहा आकडे दिसले तर तो १९७२ नंतरचा. त्यातले पहिले तीन आकडे जरी लागले, तरी जिल्हा हातात येतो: ४११ पुणे, ४०३ गोवा, ४२२ नाशिक, ४४० नागपूर, ४२५ जळगाव. तिथे गावाचं नाव पुसलेलं असलं तरी फारसं बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट तिकीटच सांगतं. १९०६ पासून काही तिकिटांवर 'पोस्टेज अँड रेव्हेन्यू' असं छापलं जाऊ लागलं. अशी तिकिटं पावतीवरही चिकटवायचे आणि वर सही ठोकायचे. त्यामुळे एखादी वेलांटीसारखी निळी-काळी रेघ शिक्का समजून तासभर ताणत बसू नका. ती कुणा सावकाराची सही असू शकते.

पाकिटावर असेल तर पाकिटावरच राहू द्या

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. तिकीट पाकिटावर किंवा पोस्टकार्डावर असेल तर ते भिजवून काढू नका. शिक्क्याचा उरलेला भाग पाकिटावर असतो. शिवाय पाकीट उलटं करा: पत्र ज्या गावी पोचलं तिथल्या कचेरीचा शिक्का बहुतेक वेळा मागे असतो, आणि तो सहसा जास्त स्पष्ट असतो, कारण तो कोऱ्या कागदावर पडलेला असतो. पुढचा शिक्का वाचता आला नाही तरी मागच्या तारखेवरून पत्र कधी निघालं असेल याला एक मर्यादा मिळते. जुन्या लोकांनी बालपणी बादलीभर पाण्यात पाकिटं भिजवून केवढा पुरावा वाहून दिला, याचा विचार केला की पोटात कालवतं. मीही त्यातलाच.

दिसतं ते लिहा, वाटतं ते नको

एक वही करा. तिकिटाचा अंदाजे आकार काढून त्यात जे खरोखर दिसतं तेवढंच उतरवा. पूर्ण अक्षर दिसलं तर अक्षर, नुसता पाय दिसला तर नुसता पाय. जिथे काही नाही तिथे टिंब. माझ्या तिकिटासाठी मी लिहायला हवं होतं: 'एक उभी रेघ, एन, ए, जी, एक उभी रेघ, पुढे तिकिटाची कड.' त्याऐवजी मी लिहिलं 'जामनगर', आणि मग प्रत्येक काळ्या ठिपक्यात मला जामनगरच दिसायला लागलं. एकदा नाव डोक्यात बसलं की डोळे त्याची नोकरी करतात.

रोमन अक्षरांत काही जोड्या कायम फसवतात. सी, जी आणि ओ. पी आणि आर. एच, एन आणि एम. अंकांत ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि ६. अशा ठिकाणी वहीत दोन्ही पर्याय एकमेकांखाली लिहा.

उजेड

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरे. महाग सूक्ष्मदर्शकाने उलट नुकसान होतं: कागदाचे धागे दिसतात, अक्षर हरवतं.

खोली अंधारी करा. टेबलावर तिकीट ठेवा आणि मोबाइलचा दिवा तिकिटाच्या अगदी पातळीवर, बाजूने धरा. शिक्का धातूचा असायचा आणि पोस्टातला माणूस तो दणकून मारायचा, त्यामुळे शाई उडून गेली तरी कागदात खड्डा उरतो. तिरप्या उजेडात त्या खड्ड्याची सावली पडते. तिकीट चारही दिशांनी फिरवा, कारण आडव्या रेघा एका बाजूने उठतात आणि उभ्या दुसऱ्या.

मग तिकीट उलटं करा. तेलकट काळी शाई पातळ कागदातून मागे झिरपलेली असते आणि मागे राजाचं डोकं मध्ये येत नाही. मागचा फोटो काढून आडवा उलटवला की अक्षरं सुलटी वाचता येतात. हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि सगळ्यात कमी लोक करतात.

स्कॅन आणि रंग वेगळे करणं

स्कॅनरवर १२०० डीपीआयला, रंगीत, पीएनजी किंवा टिफमध्ये जतन करा. जेपीईजी नको, त्यात बारीक कडा चुरगळतात. स्कॅनरमधल्या 'आपोआप सुधारणा' बंद ठेवा.

आता गंमत. रंगीत चित्र तीन वाहिन्यांचं बनलेलं असतं: लाल, हिरवी, निळी. लाल शाई लाल उजेड परत पाठवते, म्हणून लाल वाहिनीत लाल तिकीट जवळजवळ पांढरं दिसतं. काळी शाई मात्र तिन्ही वाहिन्यांत काळीच राहते. थोडक्यात, तिकिटाचा जो रंग, ती वाहिनी बघायची: लाल एक आण्याला लाल, हिरव्या अर्ध्या आण्याला हिरवी, व्हिक्टोरियाच्या निळ्या अर्ध्या आण्याला निळी. नक्षी विरघळते आणि शिक्का एकटा उरतो. पहिल्यांदा पाहाल तेव्हा जादू वाटेल.

गिम्प हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घ्या. 'कलर्स' मेनूत 'कम्पोनंट्स', त्यात 'डिकम्पोज', आणि आरजीबी निवडा. तीन करडी चित्रं मिळतात. हवं ते ठेवा, 'लेव्हल्स' उघडून काळ्या-पांढऱ्याचे दोन्ही बाण आतल्या बाजूला हळूहळू सरकवा. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा, कारण फार ओढलं की कागदावरचे डागसुद्धा अक्षरं होऊन बसतात. संगणक नसेल तर मोबाइलवरच्या स्नॅपसीडमध्ये कृष्णधवल करताना रंगाची गाळणी निवडता येते, तीही बऱ्यापैकी चालते. आपल्याकडच्या पावसाळ्याने कागदावर उठणारे तांबूस ठिपकेही लाल वाहिनीत फिके पडतात, हा वरचा फायदा.

निळ्या तिकिटावर निळाच शिक्का असेल तर वाहिन्या काही मदत करत नाहीत. तिथे परत तिरपा उजेड. आणि ज्यांना खटपटीची हौस आहे त्यांनी अवरक्त (इन्फ्रारेड) दिसणारा कॅमेरा वापरून बघावा: रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा 'नोआयआर' कॅमेरा किंवा रात्री दिसणारा साधा सीसीटीव्ही. काजळीपासून केलेली शाई अवरक्त उजेड शोषते, पुष्कळशा छपाईच्या रंगीत शाया तो शोषत नाहीत, त्यामुळे नक्षी नाहीशी होते.

शाई 'उठावदार' करायला कुठलंही रसायन लावू नका. पाणीसुद्धा नको. काही जुन्या शाया पाण्यात विरघळतात.

वर्तुळ पुरं करा

माझं तिकीट इथेच सुटलं, म्हणून जरा थांबून सांगतो.

सुट्या तिकिटावर सहसा वर्तुळाचा तुकडाच असतो. त्या तुकड्याची दोन टोकं सरळ रेघेने जोडा आणि ती रेघ मोजा. मग रेघेच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची मोजा. रेघेच्या लांबीचा वर्ग करा, त्याला उंचीच्या आठपटीने भागा, त्यात उंचीचा निम्मा मिळवा: ही त्रिज्या. रेघ १६ मिलिमीटर आणि उंची ३ असेल, तर २५६ भागिले २४ म्हणजे साधारण १०.७, अधिक १.५, म्हणजे त्रिज्या १२.२ आणि व्यास २४ मिलिमीटरच्या आसपास. ओएचपीच्या पारदर्शक कागदावर त्या मापाचं वर्तुळ काढा, मध्यबिंदू ठळक करा आणि ते स्कॅनच्या छापील प्रतीवर ठेवा. मोठ्या प्रतीवर काम करत असाल तर मापही त्याच पटीत वाढवायला विसरू नका.

आता दोन गोष्टी बघायच्या. पहिली, तारखेची ओळ. ती आडवी असते, म्हणून तिला काटकोनात मध्यबिंदूतून वर रेघ काढली की शिक्क्याचे 'बारा वाजले' कुठे ते कळतं. गावाचं नाव वर एकटंच असेल तर ते या रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखं पसरलेलं असतं. एन-ए-जी हा तुकडा असलेली गावं पुष्कळ: अहमदनगर, भावनगर, जामनगर, कृष्णनगर, रत्नागिरी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये अहमदनगरची दहा अक्षरं, मध्य बरोबर डी आणि एनच्या मधे. भावनगरची नऊ, मध्य एनवर. माझ्या तिकिटावर मध्याची रेघ एन आणि एच्या फटीतून जात होती. जामनगरची आठ अक्षरं, चार इकडे, चार तिकडे, फट बरोबर तिथेच. मी खूश.

रत्नागिरीची नऊ अक्षरं, म्हणजे मध्य पाचव्या अक्षरावर, एवर यायला हवा, म्हणून मी ती आधीच बाद केली होती. पण त्या नऊतली दोन अक्षरं आय आहेत, आणि दोन्ही उजव्या अर्ध्यात. आय अगदी अरुंद. अक्षरं मोजण्याऐवजी त्यांची रुंदी मोजली की रत्नागिरीचा मध्य डावीकडे सरकतो आणि नेमका त्याच फटीत येऊन बसतो. दोन्ही नावांची एकूण लांबीही जवळजवळ सारखी भरते. अक्षरं मोजायची नसतात, जागा मोजायची असते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग निर्णय कशावर? दुसऱ्या गोष्टीवर. गोल शिक्क्यातली अक्षरं त्रिज्येवर उभी असतात. जीच्या पुढे माझ्याकडे नुसती एक रेघ होती, वरचं टोक तिकिटाच्या कडेच्या दातऱ्यांत गेलेलं. मध्यबिंदूपासून त्या रेघेपर्यंत पट्टी लावली. रेघ एचा पाय असती तर ती पट्टीशी तिरकी पडली असती. ती पट्टीवर तंतोतंत बसली. म्हणजे सरळ उभी रेघ, म्हणजे आय. एनच्या अलीकडची रेघही एकच होती आणि तीही त्रिज्येवर. एम असता तर दोन पाय दिसले असते, टीला एकच. टी-एन-ए-जी-आय. काठियावाडातून तिकीट थेट कोकणात आलं.

नावं जुळवताना

जुनी स्पेलिंगं वेगळी होती, आणि एकाच गावाची दोन-तीन होती. ठाण्याचं 'टान्ना', सोलापूरचं 'शोलापूर', नगरचं 'अहमदनग्गर', खडकीचं 'किर्की', नाशिकला जादा सी. शेवटी 'पूर' असेल तर ते पी-यू-आर, पी-ओ-ओ-आर किंवा पी-ओ-आर-ई, काहीही असू शकतं. जुने जिल्हा गॅझेटियर आणि इम्पिरियल गॅझेटियर इंटरनेटवर फुकट वाचता येतात, त्यांतून नावं काढून एक्सेलमध्ये एक यादी करून ठेवा. मग 'यात अमुक अक्षरं आहेत' अशी गाळणी लावली की क्षणात उमेदवार समोर येतात. शिक्का ज्या काळातला, त्या काळाचीच यादी घ्या. आजच्या नावांनी शोधलं तर हाती काही लागणार नाही.

नावाखालची तुटक अक्षरंही कामाची. एच.ओ. म्हणजे मुख्य कचेरी, एस.ओ. उपकचेरी, बी.ओ. शाखा, आर.एस. रेल्वे स्टेशन, एफ.पी.ओ. लष्करी फील्ड पोस्ट ऑफिस. डी-ई-एल-वाय दिसलं तर ते गाव नव्हे, 'डिलिव्हरी' आहे. ई-एक्स-पी-एल म्हणजे प्रायोगिक कचेरी: एखाद्या खेड्यात टपाल पुरेसं येतं का हे बघायला तात्पुरती उघडलेली. यातल्या काही टिकल्या, काही मिटल्या, म्हणून अशा तुकड्याला जपा. आर.एम.एस. म्हणजे धावत्या गाडीतली टपालसेवा, तिथे गावाऐवजी विभागाचं अक्षर आणि आकडा असतो. आजच्या विभागांत पुण्याचा बी, मिरजेचा बीएम, भुसावळचा एल, नागपूरचा एफ.

जुळी गावं ही खरी डोकेदुखी. 'बसीन' म्हणजे आपली वसई, आणि ब्रह्मदेशातलं मोठं बंदरही. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थानातच होता, त्यामुळे तिकीट दोन्हीकडे तेच. औरंगाबाद दख्खनमध्ये एक, बिहारमध्ये एक. आणि भारतीय तिकिटावरचा शिक्का भारतातलाच असेल असं मुळीच नाही. अरबस्तानातलं एडन बंदर १९३७ पर्यंत आपलीच तिकिटं वापरत होतं, मस्कत आणि इराणमधलं बुशायरही वापरायचे. नुसतं डी-ई-एन दिसलं की गाव शोधत कोकण पालथं घालण्याआधी एडन आठवा.

नाव नसलेले शिक्के

व्हिक्टोरियाच्या सुरुवातीच्या तिकिटांवर पुष्कळदा गाव नसतंच. ठिपक्यांचा शंकरपाळा किंवा जाड रेघांच्या पिंजऱ्यात आकडा असतो. कारण तारखेचा शिक्का वेगळा, पाकिटावर पडायचा, आणि तिकीट बाद करायला हा. इथे अक्षर आणि आकडा दोन्ही लागतात. बी आणि खाली १७२ असेल तर ते तिकीट सिंगापूरला वापरलेलं, बी १४७ पिनांगला, बी १५६ रंगूनला. हा बी मुंबईचा नव्हे, बंगाल सर्कलचा, म्हणजे बंगालच्या टपाल विभागाचा. सिंगापूर आणि पिनांग १८६७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली होते. एवढ्याशा तुकड्यावर जुन्या बाजारात नशीब उघडू शकतं, फक्त १७२ चा ७ हा १ नाही याची खात्री करून घ्या.

तारीख, आणि गोव्याचा चकवा

क्रम दिवस, महिना, वर्ष. आधी महिना सोडवा, कारण अक्षरं अंकांपेक्षा कमी फसवतात. वर्षाचे दोनच आकडे असतात. शतक तिकीट सांगतं. शिक्क्यातले अंक सुटे खिळे असत आणि माणूस ते रोज बदलायचा, त्यामुळे उलटा खिळा, ६ च्या जागी ९, किंवा जानेवारी उजाडूनही गेल्याच वर्षाचा आकडा, हे सगळं सापडतं. तारीख अशक्य वाटली तर आधी खिळ्यावर संशय घ्या.

गोव्याच्या पोर्तुगीज काळातल्या तिकिटांवर महिने पोर्तुगीजमध्ये: फेव्हरेइरूचा एफ-ई-व्ही, अब्रिलचा ए-बी-आर, आगोश्तूचा ए-जी-ओ. यात दोन खड्डे आहेत. एस-ई-टी म्हणजे सप्टेंबर आणि ओ-यू-टी म्हणजे ऑक्टोबर. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रेल्वे टपालाच्या शिक्क्यांवरही नेमके हेच दोन शब्द येतात: 'सेट' म्हणजे कामगारांची तुकडी आणि 'आउट' म्हणजे जाणारी गाडी. म्हणून तिकीट कुणाचं, हा प्रश्न इथेही आधी.

मराठवाड्याच्या घरांतून मिळणाऱ्या निजामाच्या तिकिटांची गोष्ट वेगळी. हैदराबाद संस्थानाचं टपालखातं स्वतंत्र होतं आणि शिक्के उर्दूत. उर्दू येत नसेल तर निदान अंक शिका. त्यात शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि पाच गोलसर, म्हणून गोल दिसला की शून्य वाचायची सवय तिथे घात करते. बाकीसाठी शेजारच्या एखाद्या उर्दू शाळेच्या मास्तरांना गाठा, मी तेच करतो.

माझ्या लाल तिकिटाची तारीख अजून पूर्ण लागलेली नाही. महिन्याचं पहिलं अक्षर एम आहे, पुढच्या अक्षरांवर राजाची दाढी आली आहे, म्हणजे मार्च किंवा मे. वर्षाचा पहिला आकडा १, दुसरा दातऱ्यांतून पडून गेला. कोकणच्या पानावर आता पेन्सिलीने लिहिलं आहे: 'रत्नागिरी, मार्च/मे १९१?'. शेजारी अर्धवट खोडलेलं 'जामनगर' अजून दिसतं, तिरपा उजेड टाकला तर जास्तच.